डबल का मीठा आणि गरीब शिलेदार

सिकंदराबादच्या मेसमध्ये पहिल्यांदा 'डबल का मीठा' वाढला गेला, तेव्हा माझ्या शेजारी बसलेला साताऱ्याचा लेफ्टनंट माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आधीच जेवणात मीठ जास्त आहे, आता हे डबल कशाला?"

त्याची चूक नव्हती. मराठी कानाला मीठ ते मीठच. मी नांदेडचा. आमचा मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे ओळखीच्यांच्या घरी वलिम्याला हा पदार्थ मी लहानपणापासून खाल्लेला. डबल म्हणजे डबल रोटी, आपला पाव. मीठा म्हणजे गोड. शिळा पाव तुपात लालसर तळायचा, पाकात आणि आटवलेल्या दुधात मुरवायचा, वर तळलेले काजू-बदाम. साताऱ्याच्या गड्याने त्या रात्री तीनदा घेतला आणि पुढे वर्षभर त्याला 'डबल नमक' म्हणत राहिला.

तो मीठा करायचे आमचे चाचा. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्यांची परवानगी घ्यायची राहून गेली. ते सिव्हिलियन कुक होते. पलटणी यायच्या, तीन वर्षं राहायच्या, जायच्या. चाचा मात्र त्या जुन्या कौलारू इमारतीबरोबरच राहायचे. साठीच्या आसपासचे, बारीक, मेंदी लावलेली दाढी, आणि तोंडात अस्सल दखनी. दखनी भाषा मराठी माणसाला लवकर जवळची वाटते. त्यातलं 'नक्को' आपल्याच 'नको'वरून आलेलं आहे. चाचांनी 'नक्को साब' म्हटलं की मला घरचं कुणीतरी बोलल्यासारखं वाटायचं.

तरीही मी त्यांच्याशी जे वागलो ते वागलो.

मी बावीस वर्षांचा होतो, कमिशन मिळून सहा महिने झाले होते आणि माझ्या गळ्यात मेस सेक्रेटरीचं काम पडलं होतं. नव्या अधिकाऱ्याला हिशोबाचा जोर फार असतो. रोज सकाळी किती ब्रेड आले, किती स्लाइस टोस्टला गेले, किती उरले, याचं रजिस्टर मी सुरू केलं. ते कुणी मागितलं नव्हतं. नियमाप्रमाणे टेबलावरून परत आलेलं अन्न ड्रममध्ये जायचं आणि तो ड्रम ठेकेदार जनावरांसाठी न्यायचा. माझ्या लक्षात आलं की ड्रममध्ये भात-भाजी असते, ब्रेड कधीच नसतो. मग एका संध्याकाळी दिसलं: चाचांच्या सायकलच्या कॅरियरला कापडी पिशवी, आणि पिशवीत पावाची जाड टोकं आणि उरलेले स्लाइस.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ऑफिसात बोलावलं. ते उभे, मी बसलेलो. "ब्रेड घरी नेता?" "हौ साब." "किती दिवसांपासून?" "पहलेसेच साब." मी 'किती' विचारलं, 'केव्हापासून' विचारलं. 'कशाला' हे विचारलं नाही. उत्तर मला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. गरीब माणूस आहे, घरी खाणारी तोंडं असतील, वगैरे. मी स्वतःला दयाळूही समजत होतो, कारण लेखी काही केलं नाही. फक्त हुकूम दिला की यापुढे मेसमधून ब्रेडचा एक तुकडाही बाहेर जाणार नाही. "जी साब," म्हणून ते गेले.

दीड महिन्याने आमच्या सीओंची बदली झाली. निरोपाची डिनर नाइट ठरली. मेनूकार्डावर मी स्वतः 'डबल का मीठा' लिहिलं होतं. सीओंची ती आवड सगळ्यांना माहीत होती. जेवण संपत आलं आणि वाट्यांमधून आलं कॅरॅमल कस्टर्ड. सीओंनी हसत विचारलं, "चाचा, मीठा किधर है?" चाचा दारात हात बांधून उभे होते. म्हणाले, "साब, रोटी ताज़ी थी."

सगळे हसले. त्यांना वाटलं म्हातारा विनोद करतोय. टू-आयसी मात्र हसले नाहीत. ते कर्नाटकातले, दुसऱ्यांदा सिकंदराबादेत आलेले. सकाळी पीटीनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि एवढंच विचारलं, "चाचांच्या घरी कधी गेला आहेस का? जाऊन ये."

मी गेलो. तिरमलगिरीच्या बाजारामागे दोन खोल्यांचं घर, वर उघडी गच्ची. गच्चीवर एक रिकामी खाट, उशाशी घडी घालून ठेवलेली स्वच्छ मलमल. त्या खाटेवर मलमल अंथरून चाचा मेसचा पाव दोन-तीन दिवस उन्हात वाळवत, रात्री आत घेत, आणि त्याच पिशवीतून डिनर नाइटच्या आदल्या दिवशी परत आणत. मेसच्या आवारात माकडं होती आणि झाडांची सावली. तिथे वाळवणं जमत नसे. त्यांच्या बायकोने मला पाणी दिलं आणि सांगितलं की मागच्या कुठल्याशा पलटणीपासून हे असंच चालू आहे.

मी चाचांची माफी मागितली नाही. मी हुकूम मागे घेतला. त्या वयात या दोन गोष्टी मला एकच वाटत होत्या. मीठा पुन्हा होऊ लागला. चाचा माझ्याशी पहिल्यासारखंच बोलायचे, म्हणजे कमीच. मला मात्र त्या खाटेनंतर शिळ्या पावाचा नाद लागला. पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे लायब्ररी दिसली की मी त्याच गोष्टीच्या मागे असायचो.

आधी पाव सिकंदराबादेत आला कसा ते पाहू. १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांकडून मार खाल्ल्यावर निजामाला भक्कम आधार हवा होता. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहाने तो त्याला मिळाला, आणि इंग्रजी फौज हैदराबादच्या उरावर कायमची बसली. हुसेनसागराच्या उत्तरेला वसलेल्या छावणीला १८०६ मध्ये निजाम सिकंदर जाहचं नाव दिलं गेलं. ही छावणी पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या छावण्यांपैकी एक झाली. गोऱ्या सोल्जरला रोज एक पौंड पाव रेशनमध्ये लागायचा. हजारो सोल्जर म्हणजे रोज हजारो पौंड पाव. म्हणजे भट्ट्या आल्या, भटियारे आले, आणि उरलेला पावही आला. सोल्जरने न खाल्लेला पाव बाजारात जात नसेल यावर माझा विश्वास बसत नाही. मी छावणीत आयुष्य काढलं आहे.

आपल्या शिपायाचा पावाशी संबंध मात्र वेगळा होता. तो शिधा घेत असे आणि आपल्या हाताने, आपल्या चुलीवर शिजवत असे. दुसऱ्याने मळलेलं, दुसऱ्याने भाजलेलं, ताडीने फुगवलेलं काही तोंडात घालणं म्हणजे बाटणं. पिठात हाडांची भुकटी मिसळली आहे ही १८५७ ची अफवा काडतुसांच्या बरोबरीने पेटली, ती याच भीतीवर. कोकण-गोव्यात तर पाव विहिरीत टाकून गाव बाटवल्याच्या गोष्टी अजून सांगतात. आणि पुणेकरांना १८९० चं पंचहौद मिशनचं प्रकरण आठवत असेलच: मिशनमध्ये चहा-बिस्किटं समोर आली एवढ्यावरून रानडे, टिळक यांच्यासारख्या मंडळींवर ग्रामण्य झालं आणि टिळकांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. बिस्किटाची ही गत, तर पावाची काय! माझ्या आजीच्या घरातसुद्धा पाव यायचा तो फक्त आजारी माणसासाठी, दुधात बुडवून, आणि तोही देवघरापासून लांब ठेवून.

हैदराबादच्या मुसलमान घरांना हा अडसर नव्हता. आंबवलेली भाकरी त्यांना परकी नव्हती. नान, शीरमाल, खमिरी रोटी हे सगळं होतंच. नवं होतं ते साच्यात उंच फुगलेलं, तुकडे पाडता येणारं, आतून स्पंजासारखं मऊ असलेलं हे प्रकरण. त्याला त्यांनी डबल रोटी म्हटलं. आणि ते स्पंजासारखं आहे हे कुणा हुशार बावर्चीच्या लक्षात आलं. स्पंज पितो. त्याला काय पाजायचं एवढाच प्रश्न उरला, आणि हैदराबादेत त्याचं उत्तर तूप, पाक, दूध आणि केशर याशिवाय दुसरं असणं शक्य नव्हतं.

लखनौकडे याचाच भाऊ शाही तुकडा. तिथे तुकडा कुरकुरीत राहतो आणि वर रबडी बसते. हैदराबादी मीठा लगनमध्ये रचून, वर-खाली निखारे देऊन इतका मुरवतात की तुकडा कुठे संपतो आणि दूध कुठे सुरू होतं ते कळत नाही. शाही तुकडा बाबराच्या वेळेपासूनचा आहे असं मेनूकार्डांवर छापलेलं असतं. मेनूकार्डांवर काहीही छापतात, हे मी स्वतः छापल्यामुळे सांगतो.

दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी अंड्या-दुधात बुडवून तळलेल्या गोड पावाला 'बॉम्बे टोस्ट' म्हणतात. मुंबईकराला मात्र या नावाचा पत्ता नसतो.

वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात परदेशी अधिकारीही शिकायला असतात. एका रविवारी आमच्या घरी न्याहारीला आलेल्या एका युरोपियन मेजरसमोर माझ्या बायकोने असाच गोड टोस्ट ठेवला. तो खूश होऊन म्हणाला, "आर्मे रिटर! माझी आजी करायची." अर्थ विचारला तर म्हणाला, "गरीब नाइट."

नाइट या शब्दाला मराठीत आपण सरसकट सरदार म्हणतो, पण इथे मला 'शिलेदार' जास्त बरोबर वाटतो. आपल्याकडे शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा. युद्धात शिलेदाराचा घोडा मेला की त्याची अर्धी इस्टेट गेली. युरोपातल्या नाइटचंही तसंच होतं. वर आणखी तो पकडला गेला तर खंडणी भरून सुटायचा, आणि त्या खंडणीत जमीनजुमला विकला जायचा.

इंग्लंडमध्ये याच पदार्थाला 'पुअर नाइट्स ऑफ विंडसर' म्हणतात. हे विंडसरचे गरीब शिलेदार खरोखर होते आणि आहेत. राजा तिसऱ्या एडवर्डने १३४८ मध्ये विंडसरला सेंट जॉर्जचं धर्मपीठ स्थापलं, तेव्हा त्यात निर्धन झालेल्या लढवय्यांसाठी जागा राखून ठेवली. प्रचलित कथा अशी की फ्रान्सच्या लढायांत कैद झालेले आणि खंडणीत धुपून गेलेले शिलेदार राजाकडे दाद मागायला आले. त्यांना राहायला जागा आणि तनखा मिळाला. बदल्यात रोज प्रार्थनेला हजर राहायचं आणि राजाच्या व त्याच्या मानकऱ्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची. म्हणजे पेन्शन होती, पण रोज फॉल-इन व्हावं लागत होतं. निवृत्त वाचकांनी कल्पना करावी.

हे 'गरीब' विशेषण जवळजवळ पाचशे वर्षं त्यांना चिकटून राहिलं. शेवटी १८३३ मध्ये चौथ्या विल्यमने ते काढून 'मिलिटरी नाइट्स' असं नाव दिलं. आजही निवृत्त अधिकारी तिथे राहतात, लाल कोट घालून रविवारी प्रार्थनेला जातात. त्यांच्या नावातून गरिबी गेली, तळलेल्या पावाच्या नावात राहिली.

ही गोष्ट मी काही वर्षं मेसच्या टेबलावर रंगवून सांगत होतो. मग कळलं की ती जशी मी सांगतो तशी नाही. वुर्झबर्गला १३५० च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या एका जर्मन पाकपुस्तकात 'आर्मे रिटर'चं नाव आधीच आलेलं आहे. विंडसरला पहिल्या शिलेदाराची गादी घातली जात होती तेव्हा जर्मन स्वयंपाकघरात हे नाव रुळलेलं होतं. म्हणजे पदार्थाचं नाव विंडसरवरून पडलं नसणार. नाव सगळीकडे होतं, इंग्रजांनी त्याला आपलं गाव जोडलं. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड, सगळीकडे हा गरीब शिलेदारच आहे. फ्रेंच त्याला 'गमावलेला पाव' म्हणतात. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात करतात, पोर्तुगालमध्ये नाताळला.

आणि त्याच्याही हजार वर्षं मागे रोमन पाकपुस्तक आहे, एपिसियसच्या नावावर चालणारं. त्यात गोड पदार्थांच्या यादीत दोन ओळींची कृती: चांगल्या गव्हाच्या पावाची साल काढा, मोठे घास तोडा, दुधात भिजवा, तळा, वर मध ओता, वाढा. बस्स. यातल्या घासासाठी जो शब्द आहे, 'बुक्केला', त्यावरूनच रोमन सैन्याच्या मोहिमेवरच्या कडक पावाचं नाव पडलं आणि त्या पावावरून पुढे सेनापतींच्या खाजगी शिपायांना 'बुकेलारी' म्हणू लागले. ज्याचा पाव खातो त्याचा शिपाई. आपल्याकडे हे काम मिठाने केलं. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याला सांगावं लागत नाही, आणि साताऱ्याच्या दोस्ताच्या हिशोबाने डबल मीठ म्हणजे डबल इमान.

तर मुद्दा असा. तोच शिळा पाव, तीच कढई. युरोपात त्याला गरिबाचं नाव मिळालं आणि आपल्याकडे शाही. का? वेलिंग्टनला मी याचं उत्तर शोधलं होतं आणि त्यावर खूश होतो. तिकडे पाव रोजचा, सगळ्यांचा, तो शिळा झाला की गरिबाच्या वाट्याला. इकडे पाव साहेबाचा, बाजारातून विकत आणायचा, नवलाचा. म्हणून तो पाहुण्यांच्या पंगतीत गेला. सिद्धांत सुबक होता. मग मला अरबी 'ऐश अस-सराया' भेटला. अर्थ, राजवाड्यातला पाव. लेबनॉन, सीरिया, इजिप्तकडचा, पाकात भिजवलेल्या पावावर साय घातलेला. अरबांचा पाव काही साहेबाने आणला नव्हता. तो त्यांच्या रोजच्या ताटातला. माझा सिद्धांत तिथेच लंगडा झाला आणि अजून लंगडतोय.

आता मला वाटतं ते असं. 'शाही तुकडा' या नावात दोन जागा आहेत. तुकडा हा शब्द स्वयंपाकघरातला. जे उरलं, मोडलं, जमा करून वाळवलं, ते. शाही हा शब्द टेबलावरचा. ज्यांनी खाल्लं त्यांनी दिलेला. आमच्या डिनर नाइटला चांदीच्या वाटीत येणारा मीठा मी कधी 'उरलेला ब्रेड' म्हणून खाल्ला नव्हता, आणि पिशवीतला ब्रेड मला कधी 'मीठा' दिसला नव्हता.

मराठी घरांनी या बाबतीत नावाचा फारसा बडेजाव केला नाही. शिळी पोळी कुस्करायची, गूळ-तूप घालायचं, लाडू वळायचा. मुलं शाळेतून आली की हातावर. आमच्याकडे त्याला मलिदा म्हणतात. हाच शब्द गावजेवणात आणि सरकारी कंत्राटात काय अर्थाने वापरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका बाजूला शिळ्या पोळीचा लाडू, दुसऱ्या बाजूला वरकमाई. भाषेला गंमत करता येते.

आता 'रोटी ताज़ी थी' या वाक्याकडे येतो, कारण ते मला पुरतं समजायला आणखी सात वर्षं आणि चौदा हजार फूट लागले.

उत्तरेकडच्या एका पोस्टवर आम्ही हिवाळा काढत होतो. वाट बंद, हवामान उघडलं तर हेलिकॉप्टर. गणपतीनंतर पोरांनी गोड म्हणून काही खाल्लं नव्हतं. डब्यातला अननस गोड धरत नाहीत. एका फेरीत चक्क ताजा ब्रेड आला. मी कंपनी कमांडर, उत्साहात जाहीर केलं की आज मीठा मी करणार. वनस्पती तूप होतं, साखर होती, कंडेन्स्ड मिल्कचे डबे होते. मी स्लाइस कापले आणि सरळ कढईत सोडले. त्यांनी तूप असं प्यायलं की कढई कोरडी पडली. पाकात टाकल्यावर त्यांचा लगदा झाला. चाळीस पोरांनी तो चमच्याने, शांतपणे, आज्ञा म्हणून खाल्ला. आमचे कोल्हापूरकडचे सुभेदार साहेब शेवटी म्हणाले, "सर, करंट लई लवकर दिलासा. वाळू द्या की त्याला जरा. तांदळाच्या पापड्या पण वल्ल्या तळत न्हाईत."

पाव शिळा होणं म्हणजे नुसतं पाणी उडून जाणं नव्हे. बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवलं होतं की पाव हवाबंद ठेवला, पाणी जाऊ दिलं नाही, तरी तो शिळा होतो. आणि पुन्हा गरम केला की काही वेळ ताज्यासारखा मऊ होतो. कारण पिठातला स्टार्च. भाजताना तो फुलून सैल होतो, थंड झाला की हळूहळू पुन्हा घट्ट बांधला जातो. फ्रीजमध्ये हे काम सर्वांत वेगाने होतं, म्हणून ब्रेड फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांना तो कडक झालेला मिळतो. पार गोठवला तर मात्र थांबतं. या बांधल्या गेलेल्या स्टार्चला उन्हात वाळवून त्यातलं पाणीही काढलं की तुकड्याला सांगाडा येतो. मग तो तुपात लाल होतो पण तूप पीत बसत नाही, पाक-दूध भरपूर पितो पण मोडत नाही. ताज्या पावाला हे जमत नाही. डबल का मीठा उरलेल्या पावापासून करतात ते काटकसरीमुळे, असं मी समजत होतो. काटकसर असेलच. पण ताजा पाव आणून दिला असता तरी चाचांनी तो आधी शिळाच केला असता.

ती बॅच वाया गेली. पुढच्या फेरीतला ब्रेड आम्ही बंकरमध्ये बुखारीच्या वर, दोरीला टांगलेल्या जाळीत तीन दिवस ठेवला. पहाऱ्यावरून येणारा प्रत्येक जण त्याला बोट लावून बघायचा. चौथ्या रात्री केला. दूध डब्यातलं, वेलदोडा एकाच्या घरून आलेल्या पुडीतला, केशर नाही. सुभेदार साहेबांनी पातेलं पुसून खाल्लं आणि विचारलं, "ह्याला काय म्हणत्यात म्हणला?" मी सांगितलं. "मीठ न्हाई की ह्यात," ते म्हणाले.

मागच्या वर्षी बदलीने पुन्हा सिकंदराबादला आलो. पहिल्याच रविवारी तिरमलगिरीच्या बाजारामागे गेलो. गल्ली सापडली, घर सापडलं नाही. तिथे आता तीन मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. दुकानातल्या मुलाला चाचा माहीत नव्हते. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या शिंप्याने ओळखलं. म्हणाला, ते जाऊन दहा-अकरा वर्षं झाली, मुलं शहरात गेली. "मेस वाले चाचा ना? उनकी गच्ची पे हमेशा डबल रोटी सूखती थी. बच्चे लोगां चुराते थे. उने कुच बोलते नै थे."

मी त्याला सांगितलं की मी पण त्या मेसमध्ये होतो. त्याने विचारलं, "कौनसे साल?" मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

या शनिवारी आमच्याकडे जुन्या पलटणीतले चार-पाच जण जेवायला येणार आहेत. त्यात तो साताऱ्याचाही आहे, आता कर्नल. परवापासून बाल्कनीत मलमलीवर दोन ब्रेडचे स्लाइस वाळत घातले आहेत, जाड टोकांसकट. वरून जाळी लावली आहे, कारण इथे माकडं अजून आहेत. माझी धाकटी मुलगी शाळेतून आली की जाळी उचलते आणि एक स्लाइस कमी होतो. मी आतून बघतो. आणखी एक ब्रेड आणून ठेवला आहे.